मेसेज बघितला, उत्तर नाही: ऊसतोडीच्या घरातली एक मुलगी आणि मेंटलायझेशनवर आधारित थेरपी

ही केस पुण्यातल्या एका छोट्या क्लिनिकमधली. मुलगी १९ वर्षांची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहणारी. इथे तिला स म्हणू. तिने हे लिहिलेलं वाचलंय, दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या आणि मग परवानगी दिली. ओळख पटू नये म्हणून गाव, कॉलेज आणि घरातले काही तपशील बदललेत. नव्याने काम सुरू केलेल्या सायकॉलॉजिस्ट लोकांसाठी मुख्यतः लिहितेय, पण ज्यांच्या घरात किंवा हॉस्टेलवर असं कुणी आहे त्यांनीही वाचलं तर मला आवडेल.

पार्श्वभूमी

स बीड जिल्ह्यातली. आईवडील ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून (मजुरांच्या ठेकेदाराकडून) आधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि ती फेडायला दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचं ते मार्च-एप्रिलला परत यायचं. स अगदी लहान होती तेव्हा आईबरोबर कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, असायची, शाळेत घातल्यावर गावात आजीजवळ राहिली. धाकटा भाऊ मात्र पुढची काही वर्षं आईबरोबर जात राहिला. पहिल्या भेटीत तिने स्वतःहून जे थोडंफार सांगितलं त्यात हे होतं, "त्याला नेलं, मला ठेवलं."

आजीबरोबरची वर्षं चांगली गेली. स १४ वर्षांची असताना आजी गेली, तेही ऐन हंगामात, आईवडील पोचले तोवर सगळं उरकलं होतं आणि आठवड्याने ते परत फडावर गेले कारण टोळी थांबत नाही. मग स काकांच्या घरी. तिथे मारझोड वगैरे काही नव्हतं पण कुणी तिला विचारत पण नव्हतं. अकरावीत असताना तिने पहिल्यांदा स्वतःला इजा केली, नर्सिंगच्या पहिल्या वर्षी एकदा बऱ्याच गोळ्या घेतल्या.

इथे एक गोष्ट आधीच बोलून टाकते. "आई जवळ नव्हती म्हणून मुलगी अशी झाली" हे वाक्य या केसमध्ये सगळ्यांच्या तोंडी होतं, कॉलेजच्या, काकांच्या, आणि खुद्द स च्या सुद्धा. पहिल्या दोन-तीन भेटींत ती मला रील्सवर ऐकलेल्या शब्दांत सांगायची की माझी अँक्शस अटॅचमेंट स्टाईल आहे, म्हणजे जवळचं माणूस सोडून जाईल अशी सतत धास्ती. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थने अटॅचमेंटचे (जवळच्या माणसाशी जडणाऱ्या नात्याचे) प्रकार मांडले ते बाळ एका ठरावीक माणसाजवळ कसं वागतं ते बघून, आणि १९८१ मध्ये मेरी मेन आणि डोना वेस्टन यांनी दाखवलं की एकाच बाळाचं आईशी एक प्रकारचं आणि वडिलांशी दुसऱ्या प्रकारचं नातं असू शकतं. म्हणजे हा काही रक्तगट नाहीये जन्मभर सांगायला. स ला आजीकडून खूप काही मिळालेलं होतं, आणि आपण आईच्या नसण्यावरच बोट ठेवत बसलो की ती आजी गोष्टीतून पुसली जाते.

अडचण काय होती

कॉलेजने पाठवलं ते रूममेटशी झालेल्या भांडणावरून. रूममेटने रात्री मेसेज बघितला आणि उत्तर न देता झोपली, स ने तिला उठवून जाब विचारला, आरडाओरडा झाला, मग बाथरूममध्ये हाताला इजा. वॉर्डनने बघितलं. कॉलेजचं म्हणणं दोनच गोष्टी होत्या, एकतर फिट असल्याचं सर्टिफिकेट आणा नाहीतर पालकांना बोलवून घरी न्या. घरी म्हणजे कुठे, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता, कारण तेव्हा हंगाम चालू होता आणि गावातल्या घराला कुलूप होतं.

सायकियाट्रिस्टने तपासलं, बॉर्डरलाईन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचे (भावना, नाती आणि स्वतःबद्दलची प्रतिमा सतत अस्थिर राहते असा विकार) निकष बसत होते, शिवाय डिप्रेशन होतं त्यासाठी औषध सुरू झालं. औषधाबद्दल आमचं आधीच बोलणं झालं की ते डिप्रेशनपुरतं. उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची २००९ ची मार्गदर्शक सूचना पण हेच सांगते की बॉर्डरलाईनवर म्हणून औषध द्यायचं नाही, मुख्य काम थेरपीचं.

मेंटलायझेशन बेस्ड ट्रीटमेंट, एमबीटी, ही लंडनमध्ये अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनी नेमक्या अशाच लोकांसाठी तयार केली. मेंटलायझिंग म्हणजे आपण आणि समोरचा असं का वागतोय, मनात काय चाललं असेल, याचा अंदाज बांधत राहणं, आणि तो अंदाज आहे हे न विसरणं. हे आपण सगळेच करतो आणि भावना भडकल्या की सगळ्यांचंच सुटतं. स चं जवळच्या नात्यात फार पटकन सुटायचं आणि परत यायला फार वेळ लागायचा. मेसेज बघितला, उत्तर नाही, म्हणजे मी नकोशी आहे. "असं वाटतंय" हा टप्पाच नाही, थेट "असंच आहे". याला सायकिक इक्विव्हॅलन्स म्हणतात. दुसरं, कुणी काळजी करतं हे तिला फक्त कृतीतून पटायचं, फोन उचलला तर प्रेम आहे, नाही उचलला तर नाही. हा टेलिऑलॉजिकल मोड. आणि ते रील्समधलं बोलणं, शब्द एकदम बरोबर पण आत काही हलत नाही, तो प्रिटेंड मोड. तिन्ही एकाच मुलीत, कधी कधी एकाच तासात.

पहिला निर्णय: हॉस्टेल, घर की ॲडमिशन

तीन पर्याय होते. गावी पाठवणं, पण तिथे कुणी नाही. हॉस्पिटलमध्ये ॲडमिट करणं, पण त्या आठवड्यात मरायचा विचार नव्हता, प्लॅन नव्हता, आणि ॲडमिशनने तिची परीक्षा आणि हॉस्टेलची जागा दोन्ही गेलं असतं. तिसरा, हॉस्टेलवरच ठेवून लेखी क्रायसिस प्लॅन करायचा. सायकियाट्रिस्टशी बोलून तिसरा घेतला.

कॉलेजला काय सांगायचं यावर जास्त वेळ गेला. स सज्ञान आहे, २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टमध्ये तिच्या माहितीची गोपनीयता हा तिचा हक्क आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरलं जातं. कॉलेजला पोलीस केसची भीती वाटत होती ती या कलमाचं सांगितल्यावर बरीच उतरली. पत्रात काय जाईल ते स च्या समोर बसून लिहिलं, तिने दोन ओळी काढायला लावल्या, तेवढंच गेलं. वॉर्डन बाईंशी मात्र स च्या परवानगीने प्रत्यक्ष बोलले आणि एकच विनंती केली, ती चिडलेली असताना समजावू नका, शेजारी बसा, पाणी द्या, वीस मिनिटांनी विचारा काय झालं.

हे समजावण्याचं जरा थांबून सांगते कारण सगळ्या केसचा जीव त्यात आहे. आपल्याकडे कुणी बिथरलं की जो तो समजावायला धावतो. अगं तसं नाहीये, तिला झोप आली असेल, आई काय मजा मारायला गेलीये का. वाक्यं खरी असतात. पण डोकं तापलेलं असताना समजावणाऱ्याचं खरेपण पोचत नाही, पोचतं ते एवढंच की माझं म्हणणं कुणी ऐकून घेत नाहीये, आणि आग वाढते. थेरपिस्टपण हेच करतात, फक्त शब्द भारी वापरतात.

दुसरा निर्णय: कागदावर काय लिहायचं

एमबीटीत सुरुवातीलाच फॉर्म्युलेशन लिहून पेशंटच्या हातात देतात, म्हणजे आम्हाला तुमची अडचण कशी दिसतेय ते साध्या भाषेत. स साठी मराठीतून दीड पान लिहिलं आणि पेन तिच्या हातात दिलं. त्यात एक वाक्य होतं, आजीने आईची जागा भरून काढली. तिने ते सरळ खोडलं. म्हणाली, "आजी आजीच होती. आईची जागा रिकामीच होती." मग थोड्या वेळाने त्याच्याखाली तिने स्वतः लिहिलं की आजीला न सांगता कळायचं, म्हणून मला सांगायची सवय लागली नाही. हे वाक्य मला सुचलं नसतं. पुढे वर्षभर आम्ही याच वाक्याकडे परत परत येत राहिलो.

क्रायसिस प्लॅन पण त्याच कागदाच्या मागे. आधी काय काय होतं (पोटात गोळा, सारखा फोन बघणं, रूममेटच्या चपलांचा आवाज ऐकत बसणं), मग काय करायचं, कुणाला गाठायचं. त्यात वॉर्डन, एक मैत्रीण, जवळच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६, जो चोवीस तास असतो आणि मराठीत बोलता येतं.

तिसरा निर्णय: फोन

ज्या मुलीचा सगळा जीव मेसेजच्या निळ्या टिकांवर टांगलेला आहे तिला आपण कुठला नंबर देणार? माझा स्वतःचा नंबर द्यावा असं एका सहकाऱ्याचं मत होतं, तिला कुणीतरी उचलणारं हवं म्हणून. पण रात्री दोन वाजता मी प्रत्येक वेळी उचलणार नाही हे मला माहीत होतं, आणि न पाळता येणारं आश्वासन या मुलीला देणं म्हणजे तिच्या आयुष्यात आधी झालंय तेच पुन्हा करणं. अजिबात मेसेज नको हा दुसरा टोकाचा पर्याय. शेवटी क्लिनिकचा व्हॉट्सॲप नंबर ठरला, भेटीच्या वेळेसाठी, संध्याकाळी सातपर्यंत बघितला जाईल, उत्तर पुढच्या कामाच्या दिवशी, तातडीचं असेल तर प्लॅनचा कागद.

सुपरव्हिजनमध्ये (अनुभवी थेरपिस्टशी आपल्या केसबद्दल बोलतो तेव्हा) खरी चर्चा झाली ती निळ्या टिका बंद कराव्यात का यावर. बंद केल्या तर तिचा त्रास वाचेल. पण जग तिच्यासाठी टिका बंद करणार नाहीये, आणि ज्या गोष्टीवरून ती कोसळते ती आमच्यात घडली तर निदान त्यावर दोघी बसून बोलू शकतो. टिका चालू ठेवल्या, आणि का ठेवल्या ते तिला सांगितलं.

दिवाळीत क्लिनिक पाच दिवस बंद होतं, तारखा दोन आठवडे आधी सांगितल्या होत्या. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिचा मेसेज आला, रिसेप्शनवरच्या ताईंकडून फोन चार्जिंगला लावताना तो उघडला गेला, टिका निळ्या झाल्या, उत्तर गेलं नाही. त्या रात्री स ने परत हाताला इजा केली. प्लॅनप्रमाणे वॉर्डनला गाठलं, ड्रेसिंग करून घेतलं. सुट्टीनंतर आली ती दारातच म्हणाली, "तुम्ही बघितलं आणि सोडून दिलं."

इथे दोन रस्ते होते. फोन माझ्याकडे नव्हताच हे लगेच सांगून मोकळं व्हायचं, किंवा आधी तिच्या बाजूने ती रात्र बघायची. खरी माहिती तिच्यापासून लपवायची नव्हती, पण आल्या आल्या सांगितली तर ती सफाई झाली असती. म्हणून क्रम ठरवला, आधी रात्र, मग फोन.

म्हणलं, "दिवाळीच्या रात्री मेसेज केलास, मी बघितला असं दिसलं आणि पुढे काहीच नाही. कुणालाही लागेल हे." ती बसली. मग म्हणलं, "जरा मागे जाऊ. मेसेज केलास त्याच्या आधी काय चाललं होतं?"

"काही नाही. मेसमध्ये होते."

"कोण कोण होतं?"

"कुणीच नाही. सगळ्या घरी. मेसच्या मावशींनी ताट वाढून ठेवलं होतं." मग बराच वेळ गप्प. "आईला फोन लावला होता. स्विच्ड ऑफ."

"आणि टिका निळ्या झाल्या तेव्हा माझ्याबद्दल काय वाटलं?"

"तुम्हाला कंटाळा आलाय माझा."

"कंटाळा आलाय असं माझ्यात आधी कधी दिसलं का?"

"मागच्या वेळी घड्याळ बघितलं तुम्ही."

"हो, बघितलं. वेळ संपत आली होती म्हणून बघितलं. तुला ते कंटाळ्यासारखं दिसलं हे मला कळलं नव्हतं, सांगितलंस ते बरं केलंस. अजून कशामुळे एखादी बाई घड्याळ बघत असेल?"

ती पहिल्यांदा थोडी हसली. "पुढचा पेशंट बाहेर असेल." यानंतर मी रिसेप्शनच्या फोनचं सांगितलं. तिने ऐकलं. विश्वास बसला असं म्हणत नाही, पण दुसरी शक्यता असू शकते एवढी जागा झाली.

यात एक निर्णय न बोलण्याचा होता. आईचा फोन बंद, मग माझ्या टिका, धागा समोर लोंबकळत होता आणि "तू मला आईच्या जागी बघतेयस" हे वाक्य अगदी ओठावर येतं. एमबीटीमध्ये अशा तापलेल्या क्षणी असा अर्थ लावून द्यायचा नाही, कारण ज्याचं मेंटलायझिंग त्या क्षणी सुटलंय त्याला आपला शहाणा अर्थ एकतर हल्ला वाटतो नाहीतर तो पाठ करून ठेवतो. धागा तिथेच सोडला. काही आठवड्यांनी रूममेटबद्दल बोलताना स मध्येच थांबली आणि म्हणाली, मला राग त्या दिवशी आधीच आला होता, फोन बंद लागला तेव्हाच, बाकीचे नंतर सापडले.

चौथा निर्णय: आईला कधी आणि कसं आणायचं

स ला आईशी बोलायचं होतं. फोनवर जॉइंट सेशन लगेच घेता आलं असतं. पण आई पहाटे अंधारात फडात, संध्याकाळी कोपीवर येऊन चूल, फोन दुकानात चार्जिंगला, आजूबाजूला सगळी टोळी. अशा वेळी पोरीचा राग ऐकायला लावणं दोघींवर अन्याय होता. हंगाम संपेपर्यंत थांबायचं ठरलं. तोवर महिन्यातून एकदा मावशीकडून निरोप.

आई एप्रिलमध्ये आली. बसायच्या आधीच म्हणाली, "आमचंच चुकलं म्हणा की, मॅडम." बहुतेक आतापर्यंत सगळ्यांनी तिला हेच ऐकवलं होतं. मी चूक-बरोबर काही बोलले नाही, विचारलं की हिचा फोन यायचा तेव्हा तिकडं तुमच्या मनात काय व्हायचं.

"चार्जिंग नसायची लई वेळा. अन् खरं सांगू का, असली तरी कधी कधी मी उचलत नव्हते. लेकरू रडलं तर म्या तिथून काय करणार? उचल घेतलेली, मुकादम मधीच सोडतो व्हय? तिचा आवाज ऐकला की दोन दिवस कोयता चालत नव्हता हातात. म्हणून नव्हते उचलत."

स पांढरी पडली. "म्हणजे बघून नाही उचलला?"

मला वाटतं सगळ्या थेरपीतला अवघड क्षण हाच. आईने मनातलं दिलं होतं, आणि मुलीला त्यातलं अर्धंच ऐकू आलं होतं, तिची सगळ्यात वाईट शंका खरी निघाली हे. आईची बाजू समजावायचा मोह प्रचंड होता. थांबवलं दोघींना. आधी स ला म्हणलं की हे ऐकून आत जे झालं असेल ते मोठं असणार, लगेच उत्तर नको देऊस. मग आईला विचारलं, ही आत्ता गप्प झाली, तुम्हाला काय वाटतंय हिच्या मनात काय असेल. आई म्हणाली, "राग असंल. असावाच." बस, एवढंच. मिठी नाही, रडारड नाही. स आठ दिवस आईशी बोलली नाही. नवव्या दिवशी फोन केला आणि म्हणाली, पुढच्या वेळी उचल, मी रडले तर रडू दे, तू काही करू नकोस.

पुढे काय झालं

वर्षाला वरती थोडे महिने काम चाललं, आठवड्याला एक भेट. दिवाळीनंतर स्वतःला इजा करण्याचा एकच प्रसंग झाला, परीक्षेच्या आधी, आणि त्याही वेळी तिने अर्ध्या तासात वॉर्डनला गाठलं. गोळ्या घेण्याचा प्रकार परत झाला नाही. दुसरं वर्ष पास झाली. रूममेट बदलून मागितली नाही, भांडणं होतात, पण आता ती रात्री उठवत नाही, सकाळी विचारते. मेसेजचं उत्तर नाही आलं की पोटात गोळा अजूनही येतो.

पूर्ण बरी झाली असं मी लिहिणार नाही. बेटमन आणि फोनागी यांनी त्यांच्या पहिल्या अभ्यासातले पेशंट आठ वर्षांनी परत बघितले, तो पेपर २००८ चा, तेव्हा आत्महत्येचे प्रयत्न एमबीटी गटात २३ टक्के लोकांत आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ७४ टक्के लोकांत होते, एवढा मोठा फरक. पण रोजच्या सामाजिक आयुष्यात बऱ्याच जणांना तेव्हाही अडचणी होत्या. शिवाय त्यांच्याकडे वैयक्तिक आणि ग्रुप दोन्ही थेरपी होती, १८ महिने, पूर्ण टीम. आमच्याकडे ग्रुप नव्हता आणि त्याची उणीव जाणवली, कारण इतर मुलींच्या मनात काय चाललंय हे स ला थेरपिस्टपेक्षा इतर मुलींकडून जास्त चांगलं कळलं असतं.

पुन्हा अशी केस आली तर

सुट्टीच्या काळात फक्त कागद पुरत नाही, तेवढ्या दिवसांसाठी एक ठरलेली दुसरी क्लिनिशियन हवी, जिला मुलगी आधी एकदा भेटलेली असेल. क्लिनिकचा फोन सुट्टीत कुणी हाताळायचा हे लिहून ठेवायला हवं. निळ्या टिकांबद्दल मी अजूनही चालू ठेवण्याच्या बाजूने आहे, पण धोका जास्त असेल तर पहिले दोन महिने बंद ठेवून मग उघडणं हा मधला रस्ता विचार करण्यासारखा आहे, माझ्या सुपरव्हायझरचं मत तसंच आहे. आईला हंगाम सुरू व्हायच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकदा बोलावता आलं तर सगळ्यात चांगलं, म्हणजे फोन कधी लागेल, कधी लागणार नाही हे दोघींना आधीच माहीत असेल. आणि वडील. ते एकदाही आले नाहीत, आम्हीही आई आली यातच समाधान मानलं, पुढच्या वेळी त्यांना वेगळं बोलावणं पाठवायचं.

कॉलेजांबद्दल एक कळकळीने सांगते. ऊसतोडीच्या घरातल्या मुली आता नर्सिंगला, डीएडला, इंजिनिअरिंगला येतायत. त्यांना फिट सर्टिफिकेट मागण्याआधी दिवाळीत हॉस्टेलवर कोण उरतं याची यादी करा, आणि त्या मुलींबरोबर त्या रात्री कुणीतरी जेवायला बसा.

स आता तिसऱ्या वर्षाला आहे, महिन्यातून एकदा येते. आई येत्या दसऱ्यानंतर परत निघणार, तेव्हापासून भेटी पुन्हा आठवड्याला एक करायच्या असं ठरलंय. रविवारी संध्याकाळी आई दुकानातून फोन लावणार, नाही लागला तर सोमवारी मावशीचा निरोप. प्लॅनच्या कागदावर हे स ने स्वतःच लिहून घेतलंय, आणि माझ्या सुट्टीच्या तारखा सप्टेंबरमध्येच मागून ठेवल्यात.